प्रीमियर लीगचं तिकीट: ब्लॅकचा भाव आणि क्लबची सोडत

जूनच्या मध्यावर प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगचं, वेळापत्रक जाहीर होतं आणि लगेचच पुनर्विक्रीच्या वेबसाइटांवर आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेडच्या मोठ्या सामन्यांची तिकिटं दिसायला लागतात. तेव्हा क्लबने एकेका सामन्याची विक्री सुरूही केलेली नसते. म्हणजे जे विकायला मांडलंय ते विकणाऱ्याच्या हातात नाही. तो अडीचशे-तीनशे पौंड भाव लावून आधी पैसे घेतो आणि सामना जवळ आला की कुठून तरी त्याहून स्वस्तात जागा मिळवून ती तुमच्या गळ्यात मारतो. जागा मिळाली नाही तर शेवटच्या दिवशी 'रिफंड देतो' असा एक मेसेज येतो. तोवर तुम्ही विमान, व्हिसा, हॉटेल सगळ्याचे पैसे भरून लंडनमध्ये बसलेले असता.

आम्ही लंडनमध्ये राहतो आणि पुण्या-मुंबईहून, कोल्हापूरहून, गोव्याहून सामना बघायला येणाऱ्या मंडळींसाठी तिकिटांची जुळवाजुळव करत आलो आहोत. सगळ्यांचा प्रश्न ठरलेला: क्लबच्या साइटवर 'सोल्ड आउट' लिहिलंय, मग एवढे पैसे मोजण्यावाचून गत्यंतर नाही ना? तर आहे. छापील किमतीत तिकीट मिळण्याची सर्वांत मोठी संधी 'सोल्ड आउट'ची पाटी लागल्यानंतरच उघडते. फक्त तोवर तुम्ही क्लबचे सदस्य झालेले असायला हवेत.

आधी भाव समजून घेऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने उरलेल्या हंगामासाठी सदस्यांची तिकिटं सरसकट ६६ पौंड केली, मुलांची आणि ज्येष्ठांची सवलत काढली, तेव्हा इथल्या प्रेक्षकांनी मोठा निषेध केला. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तर २०१६-१७ च्या हंगामापासून ३० पौंडांची कमाल मर्यादाच आहे. बहुतेक मैदानांवर साध्या जागेची छापील किंमत ४० ते ९० पौंडांच्या दरम्यान असते. पौंड ११५ रुपयांचा धरला तर ६६ पौंड म्हणजे ७,५९० रुपये. तीच जागा पुनर्विक्रीत २५० पौंडांना घेतली की २८,७५० रुपये, त्यावर भारतीय कार्डाचा साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. माणशी रक्कम तीस हजारांच्या घरात जाते. वर काही साइट शेवटच्या पानावर सेवाशुल्क चढवतात ते निराळंच.

एवढी तफावत का, याचं उत्तर जागांच्या वाटपात आहे. प्रत्येक क्लब लीगमध्ये घरच्या मैदानावर १९ सामने खेळतो. मोठ्या क्लबांच्या बहुतांश जागा सीझन तिकीटवाल्यांकडे, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट आधीच घेतलेल्यांकडे, असतात आणि ती तिकिटं सोडायला सहसा कुणी तयार नसतं, त्यामुळे त्यांची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं हलत नाही. पाहुण्या क्लबला ३,००० किंवा क्षमतेच्या दहा टक्के, यातला कमी आकडा द्यावा लागतो. काही हजार जागा जेवणखाणासह विकायच्या महागड्या पॅकेजांत जातात. आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमची क्षमता ६०,७०४ आहे, पण हे सगळं वजा जाता साध्या सदस्यांसाठी उरतात त्या जागा थोड्या आणि जगभरचे सदस्य लाखांत. या फटीत इथले टाउट, म्हणजे आपल्याकडचे ब्लॅकवाले, घुसतात. कुणी खोट्या नावांनी शेकडो सदस्यत्वं काढून ठेवतं, कुणी एखाद्या सीझन तिकीटवाल्याकडून त्याचं तिकीट सामन्यापुरतं भाड्याने घेतं, कुणी सॉफ्टवेअर लावून विक्री उघडताच जागा उचलतं.

तुमच्या हातात काय पडतं, हे यावरूनच ठरतं. जागा शेवटपर्यंत दुसऱ्याच्या नावावर राहते. तुम्हाला त्या माणसाचं लॉगिन मिळतं, किंवा त्याच्या पासची, म्हणजे मोबाइलवरच्या तिकिटाची, लिंक, किंवा हॉटेलवर कुणीतरी एक मोबाइल आणून देतं आणि सामना संपल्यावर परत न्यायला येतं. सोबत सूचना: अमुक नाव पाठ करा, कुणी विचारलं तर मित्राने दिलं म्हणा, कर्मचाऱ्यांशी बोलू नका. असा निरोप आला की समजावं, विकणाऱ्यालाही तिकिटाची खात्री नाही. क्लबचे लोक अशी खाती सतत शोधत असतात. एकाच कार्डावरून किंवा एकाच ठिकाणाहून बरीच सदस्यत्वं चालवलेली दिसली, दर सामन्याला तोच पास नव्या फोनवर उतरताना दिसला, की खातं गोठवलं जातं आणि त्यावरची सगळी तिकिटं एका क्षणात बाद होतात. हे कधी कधी सामन्याच्या दिवशीही होतं.

मग काय होतं ते अगदी दारावर कळतं. इथल्या फिरत्या फाटकांना खांद्याएवढी अरुंद वाट असते आणि बाजूला एक काळं रीडर. फोन टेकवला की हिरवा दिवा लागतो, फाटक सुटतं आणि कमरेने ढकलून आत जायचं. बाद झालेल्या पासला लाल दिवा लागतो, मागची रांग थांबते, पिवळ्या जाकिटातला कर्मचारी तुम्हाला बाजूला घेऊन तिकीट कार्यालयाकडे पाठवतो. तिथे पहिला प्रश्न नाव आणि सदस्य क्रमांक यांचा. दोन्ही तुमचे नसतात, त्यामुळे बोलणं तिथेच संपतं. क्लब तुम्हाला पैसे परत देऊ शकत नाही, कारण तुम्ही त्याला पैसे दिलेलेच नसतात.

आणखी एक गोष्ट भारतातून येणाऱ्यांना ठाऊक नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा फौजदारी गुन्हा आहे. १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याचं कलम १६६ तसं सांगतं आणि २००६ च्या दुरुस्तीने ऑनलाइन विक्रीही त्यात आली. चढ्या भावाचा मुद्दा इथे नाहीच. छापील किमतीत विकलं तरी गुन्हा. याचं कारण १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीपाशी जातं. त्यात ९७ प्रेक्षकांचे जीव गेले. नंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालात तिकिटांच्या काळ्याबाजाराला गुन्हा ठरवण्याची शिफारस होती, कारण टाउटाने विकलेल्या तिकिटामुळे पाहुण्यांचे प्रेक्षक घरच्यांच्या स्टँडमध्ये येऊन बसतात आणि गर्दीची सगळी आखणी कोलमडते. गुन्हा विकणाऱ्यावर लागतो, घेणाऱ्यावर नाही. पण बऱ्याच साइट देशाबाहेरून चालतात, त्यामुळे पोलिसांचा हात तिथवर सहज पोचत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मैफली, नाटकं आणि इतर खेळांचीही तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यावर बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. फुटबॉलमध्ये मात्र मुळात परवानगीच हवी, हा नियम तीस वर्षांहून जुना आहे.

आता सरळ रस्ता. जून-जुलैत क्लब नव्या हंगामाची सदस्यत्वं उघडतात. मोठ्या माणसाचं साधं सदस्यत्व साधारण ३५ ते ४५ पौंडांना पडतं, लहान मुलांचं त्याहून स्वस्त. जितकी माणसं सामन्याला जाणार तितकी सदस्यत्वं हवीत, हे नीट लक्षात घ्या. घरात चौघं जाणार आणि सदस्य एकच, तर जागाही सहसा एकच मिळणार. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, फोटो मागितला तर खराच द्या. मग 'फ्रेंड्स अँड फॅमिली' किंवा तशा नावाच्या विभागात सगळ्यांचे सदस्य क्रमांक एकमेकांना जोडून घ्या. ही जोडणी आधी केलेली नसेल तर ऐन खरेदीच्या वेळी दुसऱ्याच्या नावावर जागा टाकताच येत नाही आणि तेवढ्यात जागा हातची जाते.

पुढचा टप्पा विक्रीचा. आर्सेनलने २०२३-२४ पासून सदस्यांसाठी सोडत ठेवली आहे. लिव्हरपूलमध्येही नव्या सदस्यांना सोडतीतूनच जावं लागतं, आणि ज्यांनी आधीच्या हंगामांत सामने घेतलेत त्यांना अग्रक्रम असतो. प्रकार म्हाडाच्या सोडतीसारखा: ठरलेल्या मुदतीत अर्ज, मग निकालाचा ईमेल, नशिबात असेल तर जागा. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. अर्जाची मुदत सामन्याच्या कितीतरी आठवडे आधी असते, लिव्हरपूलसारख्या ठिकाणी तर अर्ध्या हंगामाची नोंदणी एकदमच होते. आणि ठरावीक तारखेच्या आधी सदस्य झालेल्यांनाच भाग घेता येतो. ऑक्टोबरच्या सामन्यासाठी सप्टेंबरअखेर सदस्य होणारे इथेच गळतात. सोडतीत कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात, म्हणून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवून ठेवा. भारतीय कार्डांवर ही सोय सहसा मुळात बंद असते आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागते. नाव लागूनही कार्ड नाकारलं गेल्यामुळे जागा जाणं हे फार वाईट, आणि पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

सोडतीत नाव लागलं नाही तरी खचू नका. आमच्या मते भारतातून येणाऱ्या माणसासाठी खरी जागा 'तिकीट एक्स्चेंज'वर असते. सीझन तिकीटवाला ज्या सामन्याला येऊ शकत नाही ती जागा क्लबकडे परत टाकतो आणि क्लब ती सदस्यांना मूळ दराने विकतो. फार तर थोडं शुल्क वर. कायद्याने चालणारी पुनर्विक्री ती हीच. सामना सोल्ड आउट झाल्यावर ती उघडते, म्हणून वर म्हटलं की ती पाटी दिसल्यावर निराश व्हायचं कारण नाही.

एक्स्चेंजचं तंत्र समजून घ्यावं लागतं. स्टेडियमचा नकाशा समोर येतो, जवळजवळ सगळे ब्लॉक करडे. मधेच एखादा ब्लॉक रंगीत होतो, त्यावर बोट ठेवलं की आत एक ठिपका: एक रांग, एक खुर्ची. ती टोपलीत टाकायला तुमच्यासारखे शेकडो जण टपलेले असतात, त्यामुळे बऱ्याचदा 'ही जागा आता उपलब्ध नाही' असं येतं. ते येणारच, लगेच नकाशावर परत जायचं. जागा टोपलीत आली की काही मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, तेवढ्यात पैसे भरायचे. म्हणून कार्डाचा क्रमांक आधीच साठवलेला हवा आणि ज्या सिमवर ओटीपी येतो ते रोमिंगवर चालू हवं. पान आपोआप ताजं करणारी एक्स्टेन्शनं लावू नका. साइट तुम्हाला बॉट, म्हणजे आपोआप चालणारं सॉफ्टवेअर, समजून अडवते आणि तो अडथळा तासन् तास सुटत नाही. एकाच खात्याने तीन-चार उपकरणांवरून शिरायचाही मोह टाळा.

जागा कधी सुटतात याचाही अंदाज बांधता येतो. टीव्हीसाठी सामना शनिवारवरून सोमवार रात्रीवर सरकला की दुसऱ्या दिवसापासून बऱ्याच जागा परत येतात, कारण लांबून येणाऱ्यांना कामाच्या दिवशी जमत नाही. रेल्वेचा संप जाहीर झाला, पावसाचा इशारा आला, संघ आठवड्यात दोनदा हरला, की तसंच. आदल्या दोन दिवसांत आणि सामन्याच्या सकाळी सर्वाधिक हालचाल असते. सामना सुरू होण्याच्या काही तास आधीपर्यंत नशीब उघडू शकतं. मात्र मिळतात त्या बहुधा सुट्या जागा. जोडप्याला शेजारी बसायचंच असेल तर एक्स्चेंजवर फार काळ थांबावं लागेल. वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये बसायची तयारी ठेवली तर काम खूप सोपं होतं. लहान मूल सोबत असेल तर हा मार्ग चालत नाही, कारण मुलाला मोठ्या माणसाच्या शेजारीच बसवावं लागतं.

पुनर्विक्रीच्या साइटवर 'दोन जागा शेजारी, खात्रीने' असं ठळक लिहिलेलं असतं आणि नेमका त्याचाच मोह पडतो. अटी वाचा. बऱ्याच ठिकाणी एकापुढे एक अशा दोन रांगांतल्या जागाही 'एकत्र' मध्ये मोडतात, आणि ब्लॉक बदलण्याचा हक्क विक्रेत्याने स्वतःकडे ठेवलेला असतो. 'लाँग साइड', म्हणजे मैदानाची लांब बाजू, एवढंच लिहिलं असेल तर जागा खालच्या टप्प्यात मध्यरेषेवर असू शकते किंवा सर्वांत वरच्या टप्प्यात कोपऱ्यातही.

तिकीट मिळालं, आता फोन. मोठ्या क्लबांची तिकिटं डिजिटल पासच्या रूपात असतात आणि ॲपल किंवा गूगल वॉलेटमध्ये ठेवावी लागतात. फाटकावरचं रीडर एनएफसीवर, म्हणजे फोन टेकवून होणाऱ्या बिनतारी जोडणीवर, चालतं, स्क्रीनशॉट चालत नाही. आपल्याकडच्या स्वस्त अँड्रॉइड फोनांपैकी कित्येकांत एनएफसी नसतंच, हे सेटिंगमध्ये जाऊन मुंबई सोडण्याआधीच तपासा. गूगल वॉलेट भारतात मे २०२४ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे पास घरूनच उतरवून पाहता येतो. फोनात सोय नसेल तर क्लबच्या तिकीट कार्यालयाला आठवडाभर आधी ईमेल करून पर्याय विचारावा. सामन्याच्या दिवशी स्टेडियमभोवती साठ हजार माणसं असतात आणि मोबाइल नेटवर्क बसतं, म्हणून पास हॉटेलच्या वायफायवरच उतरवून ठेवा. बॅटरी पुरेल ना, तेही बघा. बॅग ए-फोर कागदापेक्षा मोठी असेल तर बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

तारखांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण भाव वाढण्याचं निम्मं कारण आपण स्वतः निवडलेल्या तारखा असतात. आधी विमान आणि मग सामना म्हणजे आधी कळस मग पाया. जूनमध्ये जाहीर होणाऱ्या तारखा पक्क्या नसतात. टीव्हीच्या निवडीनंतर तोच सामना शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत कुठेही जाऊ शकतो, आणि हा बदल बऱ्याचदा महिना-दीड महिना आधी कळतो. ब्लॅकचं तिकीट घेतलेलं असेल तर तारीख बदलली म्हणून पैसे परत मिळत नाहीत. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबते. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग करणाऱ्यांनी हे पाहिलंच पाहिजे. मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांना हंगामाचे शेवटचे दोन-तीन आठवडेच मिळतात आणि भाव तेव्हाच सर्वांत चढे असतात. आठ-दहा दिवस हाताशी ठेवून दोन शनिवार-रविवार पकडले तर पर्याय एकदम वाढतात.

आवडत्या क्लबचा सामनाच हवा, पण प्रतिस्पर्धी कुणीही चालेल, असं असेल तर लीगबाहेरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा बघा: लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या आणि जानेवारीतली एफए कपची तिसरी फेरी. तेव्हा कित्येक सीझन तिकीटवाले येत नाहीत आणि दरही उतरलेले असतात. आर्सेनलचा महिला संघ २०२५-२६ पासून लीगचे घरचे सगळे सामने एमिरेट्सवर खेळतो. पुरुषांच्या सामन्याच्या तुलनेत तिकीट फारच स्वस्त, त्याच खुर्च्या, तेच मैदान, आणि फुटबॉल उत्तम. मुलांना घेऊन येणाऱ्यांना आम्ही आवर्जून हेच सुचवतो. पैसे खर्चायची तयारी असेल आणि तारीख अजिबात हलवता येत नसेल, तर क्लबचंच जेवणखाणासह मिळणारं हॉस्पिटॅलिटी पॅकेज घ्या. तीनशे-चारशे पौंड ब्लॅकला देण्यापेक्षा थोडे जास्त देऊन स्वतःच्या नावावरची, शेजारी शेजारी दोन जागा मिळणं कितीतरी बरं. भारतातला एखादा ट्रॅव्हल एजंट पॅकेज विकत असेल तर त्याचं नाव क्लबच्या वेबसाइटवरच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का, तेवढं बघा. यादीत नसेल तर माहितीपत्रक कितीही देखणं असो, पैसे देऊ नका.

आणि पैसे आधीच अडकले असतील तर? विक्रेत्याने पाठवलेली प्रत्येक ओळ जपून ठेवा: जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्या दिवशीच्या अटी, पावती, व्हॉट्सॲपवरच्या सूचना. फाटकावर अडवलं तर तिथून तसेच निघून येऊ नका. तिकीट कार्यालयात जाऊन पास बाद असल्याचं लेखी किंवा ईमेलने मागा आणि वेळेची नोंद ठेवा. मग विक्रेत्याला लेखी तक्रार आणि उत्तर आलं नाही की कार्ड देणाऱ्या बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' या कारणाखाली चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा अर्ज. बहुतेक प्रकरणांत यासाठी सुमारे १२० दिवसांची मुदत असते, पण परतीच्या आठवड्यातच अर्ज करावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी क्रेडिट कार्ड वापरलं असेल आणि रक्कम १०० पौंडांहून जास्त असेल तर कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खालीही दावा करता येतो, मात्र मधला दलाल कोण यावरून बँका वाद घालतात. यूपीआयने, बँक ट्रान्सफरने किंवा रोख दिलेले पैसे यांतल्या कोणत्याच मार्गाने परत येत नाहीत. म्हणून इंस्टाग्रामवर किंवा फेसबुकच्या चाहत्यांच्या ग्रुपात 'ॲडव्हान्स पाठवा, तिकीट लगेच पाठवतो' म्हणणाऱ्याशी व्यवहार करूच नये, मग तो मराठीत बोलत असला तरी.